अर्धा मुसल्ला

पुरसा द्यायला, सांत्वनाला, येणारी प्रत्येक बाई तुमच्या आवाजाबद्दल बोलते. कोणी म्हणते, असा गळा अल्लाह एखाद्यालाच देतो. कोणी सांगते, रमजानमध्ये आमचे घरवाले तुमच्या मशिदीच्या गल्लीत गाडी बंद करून उभे राहायचे. मी मान हलवते, पाणी विचारते. इद्दतीत आहे, नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही, तेव्हा ऐकणं हेच सध्या माझं काम. मला आठवणारा आवाज वेगळा आहे, हे मी त्यांना सांगत नाही. मला डोक्यावर टॉवेल घेऊन वाफेच्या पातेल्यावर वाकलेला माणूस आठवतो, आणि टॉवेलच्या आतून आलेली तक्रार, की मास्तरीणबाई, गळा शेकायचा आहे का माणूस शिजवायचा आहे.

आवाज देणाऱ्याने दिला होता, हे खरं. टिकवायचा कोणी, यावर आपला वाद होता आणि तो अर्धवट राहिला. म्हणून लिहायला बसले आहे. घरात आपण दखनीत बोललो, दखनीतच भांडलो, पण मला नीट विचार करता येतो तो मराठीत, जी शिकले आणि जी शिकवते तिच्यात. तुम्ही यावर हसायचात. म्हणायचात, तुझ्या माहेरच्या, हदगावच्या लोकांना रागसुद्धा पुस्तकातून येतो.

तुमच्या गळ्याला दोन मालक होते. सकाळचा मोंढा आणि रात्रीची मशीद. उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, आडत्या अप्पांच्या आडतीवर तुम्ही बोली पुकारायचात. तुरीच्या नाहीतर हरभऱ्याच्या ढिगाभोवती खरेदीदार, मधे तुम्ही, हवेत भुसा, आणि तुमचा आवाज पार फाटकाजवळच्या टेम्पोपर्यंत पोचायला हवा. अप्पा कौतुकाने सांगायचे की हाफिजजींनी पुकारलं की मालालाही चमक येते. अकरा महिने हे चालायचं. बाराव्या महिन्यात, रमजानमध्ये, त्याच गळ्याने इशानंतर, म्हणजे रात्रीच्या नमाजेनंतर, तरावीह पढवायची, महिनाभरात सगळं कुरआन ऐकवणारी ती लांब नमाज. उभं राहणं, वाकणं, सजदा अशा वीस रकाती, रोज कुरआनच्या तीस भागांपैकी सव्वा पारा, समोर पुस्तक नाही, हाफिज म्हणून सगळं पाठ, मागे भिंतीपर्यंत भरलेल्या रांगा. दिवसभर घशाखाली पाण्याचा थेंब गेलेला नसायचा, आणि मोंढ्याला रमजानची सुट्टी नसते.

माझा स्वतःचा आवाज नोकरीच्या सुरुवातीलाच बसला होता. एका खोलीत दोन वर्ग, वर पत्रे, पावसात तर फळ्याजवळून मागच्या बाकापर्यंत ओरडावंच लागे. तेव्हा नांदेडला एका बाईंकडे जायचे. त्या आवाजाचे व्यायाम शिकवायच्या. गळा हासुद्धा हातापायांसारखाच एक अवयव आहे, त्याच्याकडून काम घेतलं तर त्याला विसावा द्यावा लागतो, हे मला तिथे कळलं. लग्नानंतर पहिल्याच रमजानमध्ये मी ते तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, मुलांवर ओरडून आवाज जातो, कुरआन पढून जात नाही. आधी उंट बांध आणि मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही पैगंबरांची हदीस मी काढणार हे तुम्हाला लवकरच पाठ झालं. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही हात वर करायचात. "उंटाला मधे आणू नको."

औषधांना मात्र तुम्ही कधी नाही म्हटलं नाही. रमजानचा चंद्र दिसला की मोहल्ल्यातून आपल्या दारात वाट्या येऊ लागायच्या. कोणाचं ज्येष्ठमध, कोणाचे कंकोळ, कोणाकडून मधात खललेली मिरी, समोरच्या खालांकडून कच्च्या अंड्याचा बलक, अप्पांच्या घरून सुंठ-खडीसाखर. हाफिजच्या गळ्याला आपलं काहीतरी लागावं, त्या पढण्यात आपलाही वाटा असावा, असं प्रत्येकाला वाटायचं. कुणाचं मन मोडायला नको म्हणून तुम्ही सगळं घ्यायचात. मग इफ्तारला मिरचीची भजी, बर्फ घातलेलं सरबत, आणि मगरिबच्या, संध्याकाळच्या, नमाजेनंतर थोडं आडवं पडणं. रात्री छातीत जळजळ. पहिल्या रकातीआधी खाकरणं. मी म्हणायचे, खाकरू नका, दोन घोट पाणी घ्या, खाकरण्याने गळा खरवडला जातो. तुम्ही माझ्याकडे बघून आणखी एकदा खाकरायचात.

कोरोनात मशिदी बंद होत्या ती दोन वर्षं मी कधी विसरणार नाही. तुम्ही घरीच पढवायचात. पुढे तुम्ही, तुमच्या उजवीकडे आपला मुलगा, मागे मी, तुमच्या अम्मी आणि मुलगी. माइक नाही, पंखा नाही, कोणाला ऐकवायचं नाही. तुम्ही इतक्या हळू पढायचात की श्वास कुठे घेता तेही कळायचं. तुमचा खरा आवाज मी तेव्हा ऐकला. मोंढ्यालाही तो माहीत नव्हता, मशिदीलाही नव्हता. दुसऱ्यांदा ईद झाली तेव्हा मी मनातून चोरट्यासारखी दुःखी होते, की आता हे पुन्हा लोकांना द्यावं लागेल.

आणि पुढच्या रमजानला लोकांनी तो जणू व्याजासकट मागितला. मशीद पायऱ्यांपर्यंत भरली. कडक उन्हाळा. मोंढ्यात हरभऱ्याची आवक, त्याचा भुसा नाकातोंडात. पहिल्या आठवड्यातच तुमचा आवाज जड झाला. मग तुम्ही, गळ्याला आराम म्हणून, दिवसभर कुजबुजत बोलायला लागलात. घरात कुजबुज, मोंढ्यात कुजबुज. हमालाच्या कानाला लागून भाव सांगायचात आणि तो मोठ्याने पुकारायचा. हाफिज आहेत, गळा जपून राहिले, म्हणून लोक कौतुक करायचे. मी म्हणत होते की कुजबुजण्याने गळ्याला उलट जास्त ताण पडतो, बोलायचंच असेल तर साध्या आवाजात थोडं बोला, नाहीतर गप्प बसा. हे कोणालाच पटण्यासारखं नव्हतं. हळू बोलणं म्हणजे आराम, हे तर लहान मूलही सांगेल.

आवाज गेला त्या रात्रीचं मला रफीकने सांगितलं. रफीक माझा धाकटा भाऊ, नांदेडच्या मदरशात हाफिज झालेला, इथे मक्तबात मुलांना शिकवणारा. कित्येक वर्षं तोच तुमच्या मागे सामे म्हणून उभा राहायचा. पढणारा कुठे अडला, कुरआनच्या एका सूरहमधून, अध्यायातून, तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या सूरहमध्ये घसरला, की मागून पुढचा शब्द द्यायचा, हे साम्याचं काम. तुम्हाला तो शब्द क्वचितच द्यावा लागे. त्या दिवशी तुम्ही एका आयतीच्या मधोमध थांबलात. रफीकने क्षणभर वाट पाहून पुढचा शब्द दिला. तुम्ही गप्प. त्याने तोच शब्द पुन्हा दिला, जरा मोठ्याने. तुम्ही गप्पच. मग कोणी कल्पना केली नव्हती तसं तुम्ही पढणं तिथेच सोडून रुकूत गेलात, कमरेतून वाकलात. सगळ्या मशिदीला वाटलं, हाफिजजी विसरले.

तुम्ही विसरला नव्हतात. शब्द जिभेवर होता, आवाज नव्हता. रफीकच्या जागी कोणीही असता तर त्याने हेच केलं असतं. साम्याला विसरणं ऐकायची सवय असते, गळा बंद पडणं त्याने कशाला ऐकलेलं असेल? पण ज्याला येतं त्याला भर नमाजेत दोनदा शब्द द्यावा, यासारखी नामुष्की हाफिजला नाही. तुम्ही घरी आलात, चपला काढल्या आणि दारातच म्हणालात, "मुझे आता था." तेही पूर्ण उमटलं नाही. मी म्हटलं, मला माहीत आहे. तुम्ही तेच पुन्हा म्हणालात. मला पटलं आहे, याचा तुम्हाला काही उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी आपण लातूरला गेलो. कानघशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पडद्यावर तुम्हालाच तुमचा गळा दाखवला. स्वरतंतूंवर दोन्ही बाजूंना बारीक उंचवटे. डॉक्टर म्हणाले, हमालाच्या हाताला घट्टे पडतात तसे आहेत, लवकर आलात, बरे होतील. आधी पूर्ण मौन, मग आवाजाचे व्यायाम. तुम्ही खिशातून पेन काढून त्यांच्या टेबलावरच्या कागदावर लिहिलंत, "ईदनंतर." डॉक्टरांनी ते वाचून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आजपासून.

परतताना बसमध्ये तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. घरी आलो आणि मी बोलायला सुरुवात केली. आठवडाभर रफीक पढवेल. त्यानंतरही पहिल्या दहा रकाती तुम्ही, पुढच्या दहा तो. याच वर्षी नाही, दरवर्षी. एका गळ्याने वीस रकाती आणि मोंढा दोन्ही ओढायचं वय आता राहिलेलं नाही.

मौन सांगितलेलं असूनही तुम्ही बोललात. मुसल्ला अर्धासुद्धा सोडायचा नसतो, असं म्हणालात. आपल्या लोकांत मुसल्ला म्हणजे नुसती इमामाच्या पायाखालची चटई नव्हे, त्या महिन्याचं पढवणं ज्याच्याकडे त्याचा तो मान. मला वाटलं होतं, मानाचंच बोलत आहात. मग तुम्ही तुमच्या अब्बांचं सांगितलंत. इतक्या वर्षांत ते माझ्याजवळ कधी काढलं नव्हतं. ते कावीळ होऊन एका रमजानला घरी बसले. पुढच्या वर्षी मशिदीने दुसऱ्याला ठेवलं, नंतर कोणी बोलावलंच नाही. वर्षातून एकदा सगळं मोठ्याने पढलं नाही की पाठ केलेलं हळूहळू निसटत जातं. म्हातारपणी ते ओसरीवर बसून पुटपुटायचे, मधेच थांबायचे, आणि तुम्ही जवळून गेलात की कोणी ऐकू नये अशा बेताने विचारायचे, "आगे क्या है, बेटा?" तुम्ही शब्द द्यायचात. ते पुढे जायचे. थोड्या वेळाने पुन्हा.

हे सांगताना तुमचा आवाज जागोजाग तुटत होता आणि मी थांबवत नव्हते. मग मी म्हटलं, जी दहा रकातींची तिलावत रफीक पढेल, तेवढा भाग दुपारी मला पढून दाखवा. मोठ्याने नको, साध्या आवाजात. मी कुरआन समोर धरून बसेन, बोट ठेवून. मी हाफिजा नाही, पण वाचता येतं, चूक झाली तर कळेल. म्हणजे मशिदीत अर्धं आणि घरी अर्धं मिळून दरवर्षी पूर्ण होईल. एक आयतही जाणार नाही.

तुम्ही मान हलवलीत. मला वाटलं, पटलं. मग तुम्ही विचारलंत, "भाई के वास्ते बोल रही क्या?"

मोहल्ल्यात ते सकाळपासून फिरतच होतं, मलाही ठाऊक होतं. साम्याने मुद्दाम दोनदा शब्द दिला, आता बहीण इकडून रेटेल, साळ्याला मुसल्ला मिळेल. अम्मींच्या कानावरही आलं होतं. त्या दिवशी इफ्तारनंतर रफीकसाठी चहा टाकू का, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी ऐकलं नाही असं केलं. लोक म्हणणारच होते. तुम्ही म्हणाल असं वाटलं नव्हतं.

मी उत्तर दिलं नाही. वाफेचं पातेलं उचललं आणि आत गेले. हो म्हणावं असं काही नव्हतं, आणि नाही म्हणून तुम्हाला पटवावं लागणं मला नको होतं. तुम्ही तो प्रश्न पुन्हा विचारला नाहीत. परतही घेतला नाहीत.

रागावून बाहेर पडलात आणि अस्रला, दिवस कलताना, परत आलात. तोपर्यंत तुमचं तुम्हीच ठरवलं होतं. बोट ओठांवर ठेवून मला दाखवलंत, की मौन सुरू. त्या रात्री रफीक पढवायला उभा राहिला आणि तुम्ही त्याच्यामागे साम्याच्या जागी. आवाज नसलेला सामे! मी म्हटलं, शब्द कसा देणार? आम्हा बायकांसारखी टाळी वाजवावी लागेल. नमाजेत चूक दाखवायला पुरुष बोलतो आणि बाई हातावर हात मारते, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. तुम्हाला हसू आलं, पण मौन असल्यामुळे नुसते खांदे हलले. रफीक नंतर सांगत होता की त्या रात्री तो एवढा घाबरला होता, की एकदा अडलाच. मागून तुम्ही त्याच्या पाठीला हलकं बोट लावलंत आणि त्याला पुढचं आठवलं. हे नियमात बसतं का नाही, त्याने कोणाला विचारलं नाही. तुम्ही मला सांगितलं नाही.

त्या आठवड्यात अप्पा घरी आले होते. ओसरीत बसले, पागोट्यानेच वारा घेत म्हणाले, "हाफिजजी, ईदपर्यंत बोली मी पुकारतो. तुम्ही फकस्त बाजूला हुबं राहा, म्हंजी लोकांला भ्या राहील." तुम्ही हातवारे करून नको नको म्हणत होतात. अप्पांचा आवाज तुम्हाला माहीत होता. तरी ते उभे राहिलेच. शेतकरी म्हणे विचारायचे, अप्पा भाव सांगून राहिले का रडून राहिले? अप्पांनी ते हसत सोसलं. तुमच्या महिन्यासाठी त्यांनी आपल्या आडतीचं हसं करून घेतलं, आणि पुढच्या प्रत्येक रमजानला करून घेतलं. देवळातली आरती चुकवली नाही त्यांनी कधी, आणि तुमच्या तरावीहचा हिशेबही त्यांना माझ्याइतकाच ठाऊक असायचा. आज कितवा पारा, म्हणून विचारायचे.

ईदनंतर मी तुम्हाला नांदेडच्या बाईंकडे नेलं. त्यांनी तुम्हाला पाण्याच्या पेल्यात नळी घालून बुडबुडे काढायला लावले, आवाज करत करत. घरी तो व्यायाम सुरू झाला तेव्हा अम्मी कपाळाला हात लावायच्या. हाफिज होके बच्चों का खेल. मुलं तुमच्यासोबत बसून बुडबुडे काढायची. मग मीही काढू लागले, माझ्याही गळ्याला ते हवंच होतं. त्यानंतर बाईंनी तुम्हाला पढायला सांगितलं. तुम्ही डोळे मिटून एक छोटी सूरह पढलात. बाई हिंदू होत्या, अरबी येत नव्हती, पण ऐकून म्हणाल्या की तुम्ही सुरुवातच फार वरून करता, पहिल्या रकातीत चढलेला सूर शेवटपर्यंत खाली येत नाही, आणि रोजचा गळा त्यातच जातो. अर्धा सूर खाली या. माइक आहे ना? मग भिंतीपर्यंत पोचवायचं काम माइकला करू द्या. तुम्ही मान खाली घालून ऐकत होतात. बाहेर आल्यावर म्हणालात, "हे तू मला कधी सांगितलं नाहीस." मी कुठलं सांगणार? मशिदीतलं भिंतीपलीकडून यायचं तेव्हा मी माझ्या नमाजेत नाहीतर भांड्यांत असायचे, तुमच्या मागे घरीच तेवढी उभी राहिले होते, आणि तिथे तुम्ही खालूनच सुरू करायचात.

त्यानंतरचे रमजान आपल्याला चांगले मिळाले. इफ्तारला खजूर, पाणी, थोडी खिचडी, भजी फक्त जुम्म्याला. मगरिबनंतर वाफ. थोडं थोडं पाणी, निजेपर्यंत. आणि जोहर व अस्रच्या मधली ती दुपारची वेळ. शाळा सकाळची असायची, मी घरी आलेली असायचे. तुम्ही भिंतीला टेकून पढायचात, मी ओळींखालून बोट फिरवायचे. कोणकोणत्या आयती जुळ्या बहिणींसारख्या आहेत, कोणत्या वळणावर तुम्ही दुसऱ्याच सूरहच्या वाटेला लागता, ते मला कळायला लागलं. ती जागा जवळ आली की माझं बोट आपोआप जड व्हायचं आणि तुम्ही डोळे मिटलेले असूनही म्हणायचात, "थांबलीस ना? मला कळलं." एका वर्षी माझ्या बोटाआधी तुम्ही बरोबर वळलात आणि डोळे न उघडता हसलात. हाफिजांच्या घरात जन्मलेल्या पुष्कळ बायकांना जे मिळत नाही, ते मला असं दुपारी, भांडी घासायची राहिलेली असताना मिळालं. त्याबद्दल मी तुमचे आभार मानले नाहीत. नवऱ्याचे आभार कसे मानतात ते आपल्याकडे कोणी शिकवत नाही.

तुम्हीही कधी म्हणाला नाहीत की मी बरोबर होते. मी बरोबरच होते, असं मला आजही वाटतं. गेल्या ईदला तुम्ही अप्पांना शीरखुर्मा देताना म्हणालात, की मागे उभं राहून ऐकण्यात जी मजा आहे ती पुढे उभं राहिल्यावर कळतच नाही, मी इतकी वर्षं फुकट घालवली. मी आत वाट्या भरत होते. ते वाक्य तुम्ही अप्पांना ऐकवत होतात का मला, याचा मी पुष्कळ विचार केला. विचारलं नाही. आपल्या दोघांत न विचारण्याची सवय फार झाली होती.

तुम्ही मोंढ्यातच गेलात, तुरीच्या पोत्यावर बसल्या बसल्या, पाणी मागून. त्याबद्दल मी लिहिणार नाही. अप्पांनी तुम्हाला दवाखान्यात नेलं आणि मला न्यायला ते स्वतः आले. वाटेत एक शब्द बोलले नाहीत, त्यावरून मला समजलं. जनाजाची नमाज रफीकने पढवली. अप्पा कबरस्तानच्या फाटकाशी उन्हात उभे होते, असं मुलाने सांगितलं. आत या म्हटलं तर म्हणाले, इथूनच दिसतंय.

रमजान तोंडावर आल्यावर मशिदीच्या कमिटीची माणसं रफीककडे गेली. आता पूर्ण मुसल्ला तुझा, म्हणाले. दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. आनंद झाला होता आणि त्या आनंदाची लाज वाटत होती, दोन्ही त्याच्या तोंडावर दिसत होतं. लहानपणी माझ्या वाटणीचा पेरू खाऊन यायचा तेव्हा असाच उभा राहायचा. मी त्याला बसवलं, आणि म्हटलं, अर्धाच घे.

त्याला आधी कळलंच नाही. मग म्हणाला, दुल्हेभाई गेले, आता अर्धा कोणासाठी ठेवायचा? मी म्हटलं, रेणापूरला एक हाफिज आहेत, तुझ्याबरोबर मदरशात होते, त्यांना मुसल्ला मिळत नाही म्हणून तूच सांगत होतास. त्यांना बोलाव. तू दहा, ते दहा. तू पढशील तेव्हा ते मागे, ते पढतील तेव्हा तू. तो म्हणाला, माझा गळा चांगला आहे. मी म्हटलं, तुझ्या दुल्हेभाईंचाही चांगला होता.

त्याने टोपी काढून पुन्हा घातली. मग उठला आणि म्हणाला, "आपा, सगळी मशीद मला देऊन राहिली, आणि माझी सख्खी बहीण अर्धं काढून घेऊन राहिली." हे म्हणताना त्याचे डोळे भरले. मीही रडले असते, पण मला एकदम तुमची इतकी आठवण झाली की रडायचं राहून गेलं. एवढ्यासाठी तरी तुम्ही इथे बसलेले असायला हवे होतात. भावासाठी बोलतेस का, असं तुम्ही विचारलं होतं त्याचं उत्तर मी तुम्हाला दिलं नव्हतं. आता ते दिलं, आणि ऐकायला माझ्यासमोर माझा रडणारा भाऊ होता. माझ्या ‘अर्धाच घे’चा अर्थ त्याला कधी कळणार नाही, कारण तुमचा प्रश्न मी त्याला कधी सांगितलेला नाही, सांगणारही नाही.

तो चहा न घेता गेला. दोन दिवस आला नाही. मग मुलाच्या हाती निरोप आला, की रेणापूरला जाऊन आलो, हाफिज तयार आहेत, त्यांच्या राहण्याची सोय माझ्याकडेच केली आहे.

काल पहिली तरावीह झाली. अंगणाकडची खिडकी उघडी ठेवून मी आणि मुलगी घरातच नमाज पढलो, मग मी खिडकीशी बसले. मशिदीची मागची भिंत आपल्या अंगणाला लागून आहे, आतलं बरंचसं ऐकू येतं. पहिल्या दहा रकाती रफीकच्या. खालून सुरुवात केली त्याने, नीट, दम राखून. मधे एकदाही खाकरला नाही. मग थोडा वेळ शांतता, कोणीतरी माइक हलवल्याचा आवाज, आणि तो रेणापूरचा माणूस पढायला लागला. अनोळखी आवाज. आपल्या अंगणात अनोळखी आवाजात कुरआन ऐकायला मी तयार नव्हते, असं मला वाटलं होतं. पण पहिल्या दोन आयतींनंतर मी ऐकत होते ते वेगळंच. फार वरून सुरू केलं त्याने. नवीन मशीद, भरलेल्या रांगा, पहिला दिवस, तो बिचारा भिंतीपर्यंत पोचायला बघतो आहे. असंच चाललं तर दहाव्या पाऱ्याला गळा बसेल.

सकाळी रफीकला बोलावून घेतलं. त्या भल्या माणसासाठी हे वाफेचं पातेलं घेऊन जा, म्हटलं, आणि आज अर्धा सूर खाली यायला सांग.